काळजी नसावी

डॉक्टरीणबाईंचा फोन आला की ताई आधी हातातलं काम खाली ठेवायची, स्टूल ओढून घ्यायची आणि मगच फोन कानाला लावायची. बाई दातांच्या डॉक्टर म्हणून जेवढ्या नावाजलेल्या, तेवढ्याच जिभेनं तिखट. त्यांचं बोलणं उभ्यानं ऐकायचं म्हणजे गुडघ्यांत जोर लागतो, असं ताईचं ठाम मत होतं. पण त्या दिवशी बाई ओरडत नव्हत्या. अगदी हळू बोलत होत्या, आणि तिथंच ताई सावध झाली.

“माझ्यासमोर पेशंट बसलाय. वरचे चार दात घासून ठेवलेत त्याचे. ब्रिज कुठंय?”

“कुठला ब्रिज, डॉक्टर?”

“कुठला म्हणजे? मी मेल केला. तुमचं उत्तर आलं. गुरुवारी मिळेल, काळजी नसावी. आज गुरुवारच आहे ना? का तुमच्या लॅबमध्ये वार वेगळे असतात?”

ताईनं फोन मानेत दाबून धरला आणि कॉम्प्युटरकडे वळली. मेल वर-खाली केले, परत वर-खाली केले. बाईंचा कालचा मेल होता, गेल्या महिन्यातले होते, पण चार दातांच्या ब्रिजचा, म्हणजे त्या जोडून बसवायच्या चार खोट्या दातांचा, नव्हता. मग तिनं पाठवलेले मेल उघडले. उत्तर तिथं होतं. ‘गुरुवारी मिळेल. काळजी नसावी.’ खाली लॅबचं नाव, लॅबचा नंबर, सगळं कसं रीतसर.

हे आपण कधी लिहिलं, ते तिला काही केल्या आठवेना.

बाईंची माफी मागितली, पुन्हा माप पाठवायला सांगितलं, दोन दिवसांत ब्रिज हातात देते म्हणून शब्द दिला. फोन ठेवला तेव्हा तिच्या कपाळावर घाम होता. शेजारच्या टेबलावर मेणाचं काम करणाऱ्या मावशींनी चष्म्यावरून पाहिलं. या मावशी वडलांच्या वेळेपासूनच्या. त्यांना काही सांगावं लागत नाही आणि सांगितलेलं त्या ऐकतही नाहीत.

“बोलल्या वाटतं बाई?”

“चूक आपलीच आहे, मावशी.”

“मग बोलू दे की. बोलून त्यांचं पोट तरी भरेल,” मावशी म्हणाल्या आणि परत मेणाच्या दाढेला आकार द्यायला लागल्या.

आता दातांच्या लॅबचा सगळा जीव एका मेलमध्ये कसा काय अडकला, असं कुणालाही वाटेल. पूर्वी तसं नव्हतं हो. ताईच्या वडलांनी खोटे दात बनवायची ही लॅब काढली तेव्हा डॉक्टरांकडून मापाचा डबा यायचा आणि डब्याला चिठ्ठी असायची. दात कुठला, त्याच्या रंगाची शेड कुठली, हवा कधी. वडील चिठ्ठी वाचायचे, डब्याच्या झाकणावर खडूनं दोन खुणा करायचे आणि चिठ्ठी टराटरा फाडून टाकायचे. डबा डोळ्यांसमोर असताना कागद कशाला सांभाळायचा, असा त्यांचा सवाल. काम घेतलं की चिठ्ठी फाडायची, ही रीत त्यांनी दोन्ही मुलांच्या हाडीमाशी खिळवली. ‘काळजी नसावी’ हे शब्दही त्यांचेच. पण आता डबे येत नाहीत. डॉक्टर पेशंटच्या तोंडात छोटासा कॅमेरा फिरवतात आणि माप मेलला जोडून पाठवून देतात. मेल गेला की माप गेलं, शेड गेली, तारीख गेली, आणि डॉक्टरीणबाई असतील तर या सगळ्याच्या मागोमाग अब्रूही गेली.

वडलांच्या माघारी लॅब दोघा भावंडांची झाली. दादा मोठा, ती धाकटी. सगळ्या लॅबची ती ताई, एकट्या दादाची तेवढी बारकी. दादाच्या पाठीचा मणका सरकला आणि डॉक्टरांनी त्याला घरी झोपवला, तेव्हा चार दिवसांतच त्यानं वहिनीला भंडावून सोडलं. लॅबमध्ये काय चाललंय, कुठल्या डॉक्टरचं काय आलंय, मला कुणी काही सांगतच नाही! शेवटी लॅबचाच मेल घरच्या कॉम्प्युटरवरही लावून द्यायचा असं ठरलं. वहिनी शाळेत शिकवायची, दिवसभर बाहेर. तिनं एकच अट घातली. बघायचं सगळं, करायचं काही नाही. दादानं कान पकडून हो म्हटलं होतं.

म्हणून ताईनं त्या गुरुवारी सगळ्यात आधी फोन केला तो दादाला.

“दादा, तू डॉक्टरीणबाईंना काही उत्तर दिलंस का रे?”

“मी? अगं, मला आडवं पाडून ठेवलंय तुम्ही लोकांनी. त्या डबड्याला मी हातसुद्धा लावलेला नाही. का गं? काय झालं?”

“काही नाही. सहज.”

“सहज म्हणे! काहीतरी घोळ घातलेला दिसतोय बारकीनं.” आणि तो मोठ्यानं हसला.

दादाचं हसणं ऐकून एरवी तिला बरं वाटायचं. त्या दिवशी वाटलं नाही. दादा खोटं बोलत नाही, ही अख्ख्या घराण्याला ठाऊक असलेली गोष्ट. लहानपणी काच फोडली तर शेजाऱ्याकडे जाऊन स्वतःच सांगून यायचा आणि वर ताईचंही नाव सांगायचा, कारण चेंडू तिनं टाकलेला असायचा. असा माणूस नाही म्हणाला म्हणजे नाही. मग लॅबच्या मेलमध्ये शिरून वडलांच्या भाषेत उत्तर देणारं दुसरं उरलं कोण?

तिला आई आठवली.

आई गेली त्याला बराच काळ लोटला होता, पण तिची शेवटची वर्षं ताईच्या अंगावरून अजून उतरलेली नव्हती. आईचं सुरू झालं ते असंच, अगदी किरकोळ. तिघांच्या घरात ती पंधरा माणसांचे बटाटे सोलून ठेवायची आणि कुणी सोलले म्हणून आपणच आरडाओरडा करायची. सगळे हसायचे. ताईसुद्धा हसायची, आणि त्या हसण्याची तिला आता शिसारी यायची. मग हळूहळू दिवस असे आले की आई ताईला कामाला आलेली बाई समजायची आणि दादाला दार उघडायलाच तयार नसायची. दोघांनी आळीपाळीनं तिचं सगळं केलं. न्हाऊ घातलं, भरवलं, रस्त्यातून हात धरून परत आणलं. असलं दुखणं कधी कधी पोराबाळांतही उतरतं, असं तेव्हाच्या डॉक्टरांनी जाता जाता सांगितलं होतं. त्यावर दोघं भावंडं एकमेकांशी एक अक्षर बोलली नव्हती. बोलायचं काय होतं त्यात?

आता ताई रोज स्वतःची परीक्षा घ्यायला लागली. सकाळी लॅबला येताना रस्त्यातली दुकानं डोळे न उचलता ओळीनं आठवायची. काल काय जेवलो, परवा कोण आलं होतं, मावशींच्या नातीचा वाढदिवस कधी. दातांच्या शेडची पट्टी ती उलटी म्हणून बघायची, सगळ्यात काळपट रंगापासून सगळ्यात उजळ रंगापर्यंत.

“मंत्र म्हणतेस का काय?” मावशींनी एकदा विचारलं.

“पाठांतर करतेय.”

“या वयात? कुणी परीक्षेला बसवलंय तुला?”

ताई नुसती हसली. शेडची पट्टी तिला पाठ होती, दुकानंही पाठ होती. तरीसुद्धा मेल जात होते. आईलाही तिच्या लग्नातले सगळे पाहुणे शेवटपर्यंत नावानिशी पाठ होते, मग त्याचा उपयोग काय?

एकदा तर तिच्या डोळ्यांदेखत झालं. एका नव्या डॉक्टरांचा मेल आला होता, खालच्या दाढेची कॅप, एक शेड उजळ हवी. तिनं वाचला. हात प्लास्टरनं भरलेले होते म्हणून धुवायला गेली. हात पुसत परत आली तर मेल नाही. वाचल्याचं स्वच्छ आठवत होतं, अगदी त्यातली शुद्धलेखनाची चूकसुद्धा. तिनं पाठवलेल्यांमध्ये पाहिलं तर तिथं उत्तर हजर, ‘होऊन जाईल. काळजी नसावी.’ ओल्या फडक्यासकट ती तशीच खुर्चीत बसली. हात धुवायला गेले म्हणजे गेलेच होते का? का इथंच बसून उत्तर लिहिलं, मेल उडवला आणि मग हात धुतले? पण मग कीबोर्ड प्लास्टरनं माखायला हवा होता. तो स्वच्छ होता. का तोही आपणच पुसला? माणसाचा एकदा स्वतःवरचा भरवसा उडाला की त्याला कुठल्याच पुराव्याचा आधार वाटत नाही.

मावशींना विचारायची तिची छाती झाली नाही. मी आत्ता इथं बसले होते का हो, असं कुणाला विचारतात का? विचारणारीच्या तोंडाकडे लोक कसे बघतात, ते तिनं आईच्या वेळी पाहिलं होतं.

तिनं कुणाला काही सांगितलं नाही. मेल आला की लगेच काम सुरू करायचं, उद्यावर ठेवायचं नाही, एवढा एकच नियम केला. जेवायलाही कॉम्प्युटरसमोरच बसायला लागली. मावशी म्हणाल्या, “त्या पडद्यात काय सिनेमा लागलाय का?” ती तशीच जेवत राहिली. तिला एकच धास्ती होती. हे कळलं तर लॅब गेली. भट्टी, मशीन, बारीक हत्यारं यांच्यामध्ये विसराळू बाईला कोण बसू देईल? दादा घरात पडलेला, आपण अशा झालो, मग वडलांची लॅब चालवायची कुणी? आणि लॅब राहू दे, आपल्याला आईसारखं न्हाऊ घालायचं कुणी? दादानं? या पाठीनं?

मग निकेलचं प्रकरण झालं.

डॉक्टरीणबाई एक ब्रिज बसवायला घेणार, तेवढ्यात त्यांना कुठून सुचलं कोण जाणे, त्यांनी फोन केला. “यात धातू कुठला घातलाय हो तुम्ही?”

“नेहमीचाच, डॉक्टर.”

मग बाई म्हणाल्या, “या पेशंटला निकेल चालत नाही. मी वेगळा मेल केला होता, ठळक अक्षरात. तुम्ही ‘लक्षात आहे, काळजी नसावी’ म्हणून उत्तर दिलंत. हा ब्रिज मी आत्ता बसवला असता तर उद्या त्या बाईचं तोंड केवढं सुजलं असतं, कल्पना आहे?”

“डॉक्टर…”

“तुमच्या वडलांपासून मी तुमच्याकडे काम देतेय. तब्येत बरी नसेल तर सांगा. पण माझ्या पेशंटच्या तोंडाशी खेळ नको.”

तब्येत बरी नसेल तर सांगा! म्हणजे बाहेरच्या माणसालाही दिसायला लागलं की काय? आतापर्यंत उशीर होत होता, बोलणी बसत होती, ते चाललं. पण एखाद्या बाईच्या तोंडाला इजा झाली असती, आणि ती आपल्या हातून. त्या दुपारी तिनं कॉम्प्युटरवाल्याला बोलावून घेतलं.

कॉम्प्युटरवाला गोल चेहऱ्याचा, सदा घाईत असलेला इसम. त्यानं खुर्चीत न बसताच चार बटणं दाबली आणि मेलची कचरापेटी उघडून दाखवली. चार दातांचा ब्रिज, उजळ शेडची कॅप, निकेल, सगळे मेल तिथं पडलेले होते.

“हे आपोआप नाही जात, ताई. कुणीतरी हातानं टाकलेत. आधी उत्तर दिलंय, मग टाकलंय. प्रत्येक वेळी.”

काम घेतलं की चिठ्ठी फाडायची. ही तर आपल्याच घरची सवय. आपलाच हात तो.

“घरच्या कॉम्प्युटरवरून काही झालं असेल का?” तिनं तरीही विचारलं. “पण तिथं गेलं तर तिथलं जाईल ना? इथलं कसं जाईल?”

“ते पूर्वी. तेव्हा प्रत्येक कॉम्प्युटर आपापली प्रत उतरवून घ्यायचा. तुमचा हा नवा बसवला तेव्हा मी बदललं की ते. सांगितलं होतं तुम्हाला, दोन्हीकडे एकच दिसेल म्हणून. आता पेटी एकच आहे, दारं दोन. या दारानं काढा नाहीतर त्या दारानं, पेटीतून गेलंच.”

“पण दादा उघडतच नाही. मी विचारलं त्याला.”

“मग बाहेरचा कुणी घुसला असेल.”

“बाहेरचा माणूस घुसून डॉक्टरांना काळजी करू नका म्हणून सांगेल?”

कॉम्प्युटरवाल्यालाही ते पटलं. त्यानं डोकं खाजवलं. “तुम्ही असं करा, पासवर्ड बदला. बदलला की बाकी सगळे कॉम्प्युटर आपोआप बाहेर पडतात. मग ज्याला नवा पासवर्ड माहीत, तोच आत. तो एकट्या तुम्हाला माहीत असू दे. आणि तरीसुद्धा मेल जायला लागले तर…”

वाक्य तिथंच सोडून तो पिशवी उचलून निघाला. त्याला बोलायची गरजही नव्हती.

ताई पडद्यासमोर बसून राहिली. पासवर्ड बदलणं म्हणजे केवढंसं काम, पण तिचा हात उठेना. बदलला आणि तरीही झालं, तर मग पळायला जागाच उरणार नव्हती. दादा नाही, चोर नाही, कुणी नाही, एकटी तू. आज निदान संशयाचा फायदा तरी होता. तिनं फडकं घेऊन टेबल पुसलं. भट्टी बघून आली. मावशींना चहा हवा का विचारलं, त्या नको म्हणाल्या तरी केला. मग तिला त्या अनोळखी बाईचं सुजलेलं तोंड दिसायला लागलं, जे सुदैवानं सुजलेलंच नव्हतं. काय व्हायचं ते होऊन जाऊ दे एकदाचं, म्हणून तिनं डोळे मिटल्यासारखं करत पासवर्ड बदलला.

आणि फोन वाजला. चहाचा कप विसळूनही झाला नव्हता.

“बारके, अगं काय झालंय या मशीनला?” दादा वैतागलेला होता. “मला आतच घेत नाहीये. पासवर्ड चुकीचा म्हणतंय. चांगलं चाललं होतं आत्तापर्यंत!”

ताईच्या हातातून कप बेसिनमध्ये निसटला. “दादा, तू काय करत होतास?”

“काय करत होतास म्हणजे? ते नवे डॉक्टर नाहीत का, त्यांचं कवळीचं काम आलंय. त्यांना उत्तर लिहीत होतो. अर्ध्यात बाहेर फेकलं मला!”

“तू उत्तरं लिहितोस?”

“मग काय! सगळं तुझ्या एकटीच्या डोक्यावर टाकू? तेवढाच माझा हातभार. तुझ्या वहिनीला सांगू नकोस हं, ओरडेल.”

ताईचा जीव भांड्यात पडला. पडला कसला, खणखणून पडला. ती तिथंच बेसिनपाशी उभी राहून हसायला लागली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. मावशी मेण टाकून उठल्या.

“काय गं, काय झालं?”

“काही नाही, मावशी. मी ठणठणीत आहे. मी अगदी ठणठणीत आहे!”

“ते मला माहीतच आहे. रडतेस कशाला मग?”

“दादा, थांब तू,” ती फोनमध्ये ओरडली, “मी येतेय तिकडे. आता तुझी खैर नाही!”

दादाचं घर चार गल्ल्या सोडून. ताई जवळजवळ पळतच निघाली. वाटेत दुकानं लागली, तिनं एकाही दुकानाकडे पाहिलं नाही. कुणाला काही पाठ म्हणून दाखवायची आता गरज नव्हती. दादाला काय काय सुनवायचं ते ती मनात जुळवत होती. खोटारड्या म्हणायचं. डबड्याला हात लावला नाही काय? बायकोच्या भीतीनं सख्ख्या बहिणीशी खोटं बोललास काय? तुझ्यापायी मी वेडी व्हायची राहिले, कळतंय का तुला? आणि मग त्याच्याकडून काहीतरी जबरदस्त खायला उकळायचं. इतक्या दिवसांत तिला पहिल्यांदा कडकडून भूक लागली होती.

दार वहिनीनं उघडलं. ती नुकतीच शाळेतून आलेली दिसत होती, पायांत चपला तशाच. “अगंबाई, ताई! या वेळेला?”

“तुमच्या नवऱ्याला झोडायला आलेय.”

“झोडा, झोडा. माझ्या वाटणीचंही झोडा. मी चहा टाकते.”

दादा आतल्या खोलीत पलंगावर आडवा, पोटावर वर्तमानपत्र. कोपऱ्यातल्या टेबलावर कॉम्प्युटर सुरू होता आणि पडद्यावर पासवर्डची रिकामी चौकट लुकलुकत होती. ताईला बघून त्याचा चेहरा फुलला.

“अरे वा, बारकी! आज इकडे कशी वाट चुकली?”

“नाटकं पुरेत हं. आत्ता फोनवर काय सांगत होतास?”

“कुठल्या फोनवर?”

“दादा!”

“अगं, कुठला फोन? मी आत्ता उठतोय. डोळा लागला होता जरा.”

तो असा थट्टा करायचाच. लहानपणापासून करायचा, चेहऱ्यावरची रेषही न हलवता. ताई हसत हसतच कॉम्प्युटरपाशी गेली, नवा पासवर्ड घातला आणि अर्धवट राहिलेलं उत्तर त्याच्यासमोर उघडलं. “मग हे कुणी लिहिलं? भुतानं?”

दादा पाठ धरून हळूहळू उठला, चष्मा लावला, वाकून वाचायला लागला. ‘कवळीचं माप मिळालं. सोमवारपर्यंत’, आणि पुढं कोरं. त्यानं ते एकदा वाचलं. परत वाचलं. ताई त्याच्या ओठांचा कोपरा कधी हलतो याची वाट बघत होती, कारण थट्टा संपली की तिथून हसू फुटायचं. ते फुटलं नाही.

“हे मी लिहिलंय?” त्यानं विचारलं.

तो तिला विचारत होता. खरोखर विचारत होता.

ताईच्या चेहऱ्यावरचं हसू कुठं ठेवावं तेच तिला कळेना. तिनं घाईघाईनं मेल बंद केला, पण दादा पडद्याकडे बघतच राहिला. दारात वहिनी चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिनं ट्रे खाली ठेवला, कपांच्या बशा सरळ केल्या, सरळ असलेल्या परत सरळ केल्या, पण मान काही वर केली नाही. तेव्हा ताईला कळलं की या घरात हे पहिल्यांदा होत नाहीये. शाळेत जाताना वहिनीही काहीतरी छातीवर घेऊन जात होती आणि तिनंही ते कुणाला सांगितलं नव्हतं.

“बारके,” दादा म्हणाला. “खरं सांग मला. मी तुला फोन केला होता का?”

ताईच्या हातात तिचा फोन होता. त्यात सगळ्यात वर दादाचं नाव होतं. दादा तिच्या हाताकडे बघत होता आणि त्याच्या डोळ्यांत जे होतं ते तिला ओळखायला वेळ लागला नाही. तेच घेऊन ती इतके दिवस झोपत होती आणि उठत होती. आईला त्यानंही न्हाऊ घातलं होतं. पुढं काय काय होतं, ते त्याला कुणी समजावून सांगायला नको होतं.

तिनं फोन पर्समध्ये टाकला आणि पर्सची चेन लावली.

“नाही रे,” ती म्हणाली. “नसेल केलास.”

“नसेल म्हणजे?”

“म्हणजे मलाच वाटलं असेल. दादा, मी तुला सांगणार नव्हते. मला हल्ली असं होतंय. मेल मीच लिहिते, मीच टाकून देते, आणि मग मला आठवतच नाही. तुझ्यावर आळ घ्यायला आले होते. मला वाटलं, तू असलास तर बरं होईल.”

हे शेवटचं वाक्य तोंडातून गेलं आणि तिला रडू कोसळलं. ते रडणं मात्र खोटं नव्हतं.

दादानं चष्मा काढला. मग त्याच्या चेहऱ्यावरचा ताण हळूहळू सैल झाला आणि त्या जागी तिचा मोठा भाऊ परत आला. त्यानं तिला पलंगावर बसवलं, स्वतः शेजारी बसला. बसताना पाठीत कळ आली ती त्यानं दात आवळून गिळली.

“कधीपासून होतंय हे?”

“झाले बरेच दिवस.”

“आणि मला आत्ता सांगतेस? मी मेलो होतो का?”

“भीती वाटली रे.”

“भीती वाटणारच. आईचं बघितलंय आपण. पण म्हणून एकटीनं कुढत बसायचं?” त्यानं तिच्या डोक्यावर टपली मारली. “डॉक्टरला दाखवलंस?”

“एकटीला धीर होत नाही.”

“एकटी कशाला जातेस? मी येतो. पाठ गेली खड्ड्यात.”

ताईनं पदरानं डोळे पुसले. पुढचं बोलताना तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. “ते म्हणतील, आई दोघांचीच, तर दोघांनाही तपासू. मग? तू आयत्या वेळी पळून जाशील.”

“पळतोय कशाला? तपासू दे की. तुझी भीती जाणार असेल तर डोकं उघडून दाखवीन त्यांना, आत काही सापडलं तर.” तो स्वतःच्याच विनोदावर हसला. मग गंभीर होऊन वहिनीकडे वळला. “ऐकलंस ना? हिच्याकडे आता लक्ष ठेवायला हवं. हिला अजिबात एकटं सोडायचं नाही.”

“नाही सोडायचं,” वहिनी त्याच्याकडे बघत म्हणाली.